व्ही-क्रॉस: आधी सायलेन्सर की आधी सस्पेन्शन?

रानवाट

नमस्कार मंडळी.

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, १.९ डिझेल, बीएस-६, फोर बाय फोर, मॅन्युअल. कंपनीने दिली तशीच आहे, फक्त हौद्यावर फायबरची कॅनोपी बसवली आहे.

वापर म्हणाल तर पुणे ते ओतूर, शेतावर. अधूनमधून भंडारदरा, वेल्हे, तापोळा. पुढच्या वर्षी स्पिती करायचं मनात आहे.

तक्रारी दोन. हौदा रिकामा असला की मागची सीट म्हणजे शिक्षा. ओतूर फाटा सोडून शेताच्या रस्त्याला लागलो की आई बोलायची थांबते आणि दोन्ही हातांनी वरची मूठ धरून बसते. दुसरं म्हणजे आवाज. एवढं धूड, आणि आवाज शिवणयंत्राचा.

बजेट दोन लाखांपर्यंत. एक वर्कशॉपवाला म्हणतो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून सरळ तीन इंची पाइप टाकू, रीमॅप करू (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलू), तीस-चाळीस घोडे कुठे गेले नाहीत. उरलेल्या पैशांत दोन इंच लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी उंच करायची. दुसरा म्हणतो एक्झॉस्टला हातच लावू नका. दोघंही छातीठोक बोलतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिखल्या

आलोच चहा घेऊन. धागा रंगणार.

वंगण

आधी एक्झॉस्टचं उरकून टाकू.

तुमच्या इंजिनाचा ३६० न्यूटन-मीटर टॉर्क २००० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो. लो रेशोमध्ये (फोर बाय फोरच्या सावकाश गिअरमध्ये) दगडांवरून जाताना तुम्ही बहुतेक वेळ त्याच्याही खाली असता. मोठ्या पाइपचा जो काही फायदा असेल तो वरच्या आरपीएमला, जेव्हा इंजिन भरपूर वायू बाहेर टाकत असतं. तेव्हा ऑफरोडसाठी म्हणून पाइप बदलणं यात मुळात दम नाही.

आता डीपीएफ. तो जागेवर ठेवून त्याच्या मागचा पाइप आणि मफलर बदललात, तर खरा अडथळा पुढेच राहिला. ताकदीत फरक कळणारही नाही. आवाजही फार वाढत नाही, कारण टर्बो आणि डीपीएफ मिळून बराचसा आवाज आधीच खाऊन टाकतात.

आणि डीपीएफ काढलात तर नुसता डबा निघत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर आहे, तापमानाचे सेन्सर आहेत. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, फसवल्याशिवाय गाडी नीट चालत नाही, लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद आवळून कशीबशी चालते. फसवलं तर ट्यून करणाऱ्याचा हात कसा आहे यावर सगळं आलं. स्पितीत चेक इंजिनचा दिवा लागला तर तो माणूस फोन उचलेल का, एवढं विचारून ठेवा.

पीयूसीचं वेगळंच. धूरचाचणीत बीएस-४ डिझेलला धुराच्या दाटपणाचा आकडा १.६२ पर्यंत चालतो, बीएस-६ ला ०.७. मशीन खरं असेल तर डीपीएफशिवाय पास होणं अवघड.

धूरकेतू

वंगण काकांचा अनुभव मोठा, पण थोडं असहमत.

माझी २०१७ ची २.५ लिटर, बीएस-४. तिला डीपीएफ नाहीच. टर्बोपासून मागे सलग अडीच इंची स्टेनलेस पाइप टाकून घेतला, मॅन्ड्रेल बेंडचा, म्हणजे वळणावर पाइप चपटा होत नाही. टर्बो लवकर जागा होतो. ताम्हिणीत काही वळणांवर आधी दुसरा गिअर टाकावा लागायचा, आता तिसऱ्यावर निघते. हे मनाचे खेळ नाहीत.

मात्र पाइप फार मोठा करू नका. बॅक प्रेशर, म्हणजे पाइपातला उलटा दाब, गेलं की टॉर्क जातो.

वंगण

@धूरकेतू, तुमच्या गाडीला फरक पडला असेल, नाही म्हणत नाही. डीपीएफ नसलेल्या जुन्या डिझेलला टर्बोच्या लगेच मागचा अडथळा कमी झाला की टर्बो लवकर फिरतो. टर्बाइन चालतंच मुळी पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागचा दाब जितका कमी तितकं बरं.

म्हणूनच तुमचं शेवटचं वाक्य पटत नाही. टर्बो डिझेलला बॅक प्रेशर हवं असतं ही गॅरेजमधली जुनी समजूत आहे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात फार मोठा पाइप टाकला की वायूचा वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो. ते खरं, पण त्याचं कारण वेग. दाब नव्हे. तिथलं इथे आणून चिकटवलं गेलं आहे.

एक विचारू? हायवेला दोन हजारच्या आसपास आत घूं होतं की नाही?

धूरकेतू

होतं. बायको त्याच पट्ट्यात झोपते आणि मी जरा कमी-जास्त केलं की उठते. पण तो धाग्याचा विषय नाही.

कलम_बावन्न

कायद्याची बाजू थोडक्यात, म्हणजे नंतर कोणी सांगितलं नाही असं नको.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीने मूळ जे ठरवलं त्याच्याशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचं कलम वेगळं, १९०(२): तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्सला मुकायचं.

डीपीएफ काढणं सरळसरळ त्यात बसतं, वाद नाही. सस्पेन्शनचं मात्र पाहावं लागतं. आरसीवर स्प्रिंगची उंची लिहिलेली नसते. घासलेला शॉक बदलून त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा घातला तर कोणी अडवत नाही. चार इंच उचललेली गाडी लांबूनच दिसते. विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा त्याला सगळं दिसतं.

आणि पुढे लोखंडी गार्ड लावायचा विचार असेल तर सोडा. डिसेंबर २०१७ पासून केंद्राने बुल बारवर कारवाई करायला सांगितलेलं आहे.

टेम्पोवाला_नाही_मी

कायद्याचं निघालंच आहे तर सांगा, पांढरी पाटी, खाजगी नोंदणी, तरी एका टोलनाक्यावर माझ्या पिकअपचे हलक्या मालवाहू गाडीचे पैसे कापले. दाद मागितली तर म्हणे "मागे हौदा आहे ना?" आणि सोसायटीचे सेक्रेटरी अजून मला "तुमचा टेम्पो" म्हणतात. परवा विचारत होते, भाच्याचं घर हलवायचंय, किती घ्याल?

चिखल्या

मग किती घेतलेत? :)

टेम्पोवाला_नाही_मी

दोन मजले चढून फ्रिज नेला आणि पोहे खाऊन आलो.

कोकणकन्या

रानवाट, हौद्यात नेहमी किती वजन असतं ते सांगाल का? तुमच्या पोस्टमध्ये तेवढंच नाही आणि सगळं त्यावर ठरतं.

आमची गाडी गुहागरला. मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांनी हौदा ठासून भरलेला, पावसाळ्यात रिकामा. आंब्याच्या दिवसांत मागून बसायची म्हणून भावाने मागच्या स्प्रिंगला एक जादा पाटा टाकून घेतला. हंगामात झकास. जूनमध्ये रिकामी गाडी शृंगारतळीच्या बाजारात नेली तर डोकं छताला लागायचं. शेवटी तो पाटा काढला आणि मूळच्या पाट्यांच्या वर हवा भरायच्या रबरी एअर बॅगा बसवल्या. पेट्या चढवल्या की हवा भरायची, उतरवल्या की सोडायची. आमचं काम झालं.

एक्झॉस्टबद्दल एवढंच की खारी हवा साधा पाइप खाऊन टाकते. आमच्याकडे मफलरची शिवण आधी जाते. बदलायचाच असेल तर स्टेनलेस घ्या. जोडाला काळी काजळी दिसली की फ्लँजचं गॅस्केट गळतंय समजा, आवाज नंतर येतो.

मेलबर्नकर

कोकणकन्या ताई, एअर बॅगांबद्दल एक सावधगिरी. इकडे ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपच्या चासी हौदा आणि केबिनच्या मधे वाकल्याचे फोटो वरचेवर दिसतात. मागे जड ट्रेलर, हौदा भरलेला, आणि गाडी सपाट दिसावी म्हणून बॅगांत ठासून हवा. पाटे आपला भार दोन टोकांना वाटून देतात. बॅग एका जागी वर ढकलते. गाडी समतल दिसली म्हणजे तिची वजन पेलायची मर्यादा वाढली असं होत नाही. थोडी हवा, मर्यादेतलं वजन, एवढ्यावर ठीक.

इकडे साधारण ५० मिमीपर्यंतच्या लिफ्टला वेगळं इंजिनीअरचं प्रमाणपत्र लागत नाही, त्याच्या वर भानगडी सुरू. स्प्रिंग घ्यायला गेलात की दुकानदार पहिला प्रश्न उंचीचा विचारत नाही. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आहे का, मागे कायमचं किती वजन, हे विचारतो. ओल्ड मॅन एमू घ्या, आयर्नमॅन घ्या, डॉबिन्सन्स घ्या, एकाच गाडीला वजनाप्रमाणे वेगवेगळ्या कडकपणाच्या स्प्रिंग असतात. भारतात बरेच जण "दोन इंची किट द्या" म्हणतात आणि दुकानात पडून असलेलं सगळ्यांत कडक किट घेऊन येतात.

आणि हो, डीपीएफ काढणं इकडेही बेकायदाच.

रानवाट

सगळ्यांचे आभार. कोकणकन्या, खरं सांगायचं तर वजन कधी मोजलं नाही. शेतावर जाताना खताच्या दोन-चार गोण्या, येताना भाजी. भटकंतीला तंबू, पाणी, शेगडी, रिकव्हरीचं सामान.

डीपीएफ काढायचा बेत रद्द. नुसता मफलर बदलून आवाज थोडा भरदार होत असेल तर विचार करीन.

स्वस्तात_मस्त

एवढा खल कशाला? पुढे स्पेसर (वर घालायची जाड चकती), मागे शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी) लांब. काही हजारांत दोन इंच. माझ्या मित्राने केलंय, गाडी भारी दिसते.

घाटमाथा

@स्वस्तात_मस्त, दिसते भारी, पण स्पेसर टाकून काय होतं ते एकदा जॅकवर गाडी उचलून बघा.

पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं. स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीच्या, वर स्पेसर टाकला की अख्खा स्ट्रट खाली सरकतो. स्प्रिंग तीच, शॉक तोच, त्याचा प्रवासही तेवढाच. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं की आता वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आपल्या शेवटच्या कोनाला जाऊन भिडतो. सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा, कोनही वाढतो, रबरी बूटाच्या घड्या एकमेकींवर घासतात. बूट फाटला की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला शिंपडलेलं दिसतं, मग आत चिखल, मग कट-कट आवाज. लांब शॅकलमुळे मागच्या अॅक्सलचा कोन बदलतो आणि प्रॉपेलर शाफ्ट थरथरायला लागतो. दोन इंच मिळाले, सस्पेन्शन होतं त्यापेक्षा वाईट झालं.

आता रानवाट यांच्यासाठी. लिफ्ट हा शब्द बाजूला ठेवा. आईंना मागे बसवत नाही तो त्रास उंचीचा नाहीच.

मागे पाटे आहेत आणि ते भरलेल्या हौद्यासाठी बनवलेले. रिकामे असताना दोन गोष्टी होतात. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे छोट्या खाचखळग्याला ते हलतच नाहीत, धक्का जसाच्या तसा वर. आणि मोठ्या खड्ड्याला दबले की उसळून येतात, ती उसळी आवरायचं काम शॉकचं. गाडी नवी असताना शॉक ते कसंबसं करतो, चाळीस-पन्नास हजार किलोमीटरनंतर तेही नाही.

पहिलं काम फुकटातलं. गाडी धुवा, पाट्यांच्या टोकांमधली माती काढा, बुश तपासा. शेतातली लाल माती तिथे सिमेंट होऊन बसते. मागच्या टायरची हवा पाहा. रिकामी गाडी मालाच्या प्रेशरवर फिरवणारे खूप आहेत. दारावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात.

दुसरं, चांगले शॉक, चारही. लांब खडबडीत रस्ता असेल तर आतलं तेल तापून पातळ होतं आणि शॉक हात टेकतो. स्पितीच्या रस्त्यावर ही खरी परीक्षा. जाड नळीचे, जास्त तेलाचे किंवा मोनोट्यूब (एकाच नळीचे) घ्या. मोनोट्यूब लवकर थंड होतो, पण त्याच्या नळीला दगड लागून पोचा पडला की पिस्टन अडकतो. ट्विन ट्यूबला (नळीत नळी असलेल्याला) बाहेरचा पोचा सहसा चालून जातो. आमच्या दगडांच्या मुलखात मी ट्विन ट्यूब, फोम सेल (तेलाला फेस येऊ नये म्हणून आत फोम असलेले) घेतले.

तिसरं, वजन ठरल्यावरच स्प्रिंग आणि पाटे. तीस-चाळीस मिमी आपोआप मिळतील, तेवढी लिफ्ट पुरे. गाडी सव्वापाच मीटरपेक्षा लांब, दोन चाकांतलं अंतर तीन मीटरहून जास्त. पोट टेकतंच, दोन इंचांनी त्यात क्रांती होत नाही. पोटाखाली स्किड प्लेट लावा.

बसवताना पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या आणि पाचशे-एक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कने आवळून घ्या. अलाइनमेंट करताना नुसता टो (चाकं आत-बाहेर किती वळली आहेत ते) पाहून सोडून देतात, कॅस्टरचा (स्टिअरिंगच्या अक्षाच्या मागे कलण्याचा) आकडा मागा. उचलल्यावर कॅस्टर कमी झाला तर स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही. आणि ज्या पिकअपला मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, तिथे उंची वाढली की व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, तो मागचे ब्रेक कमी लावतो. त्याची दांडी जुळवून घ्यावी लागते. हे बहुतेक दुकानदार सांगत नाहीत.

चिखल्या

घाटमाथा यांना दंडवत. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न: ओढा ओलांडताना सायलेन्सरचं तोंड बुडालं तर?

वंगण

इंजिन चालू असेल तर वायूचा दाब पाणी आत येऊ देत नाही, बुडबुडे काढत जाते. मधेच बंद पडलं की पाणी पाइपात शिरतं. पण त्याआधी एअर इनटेकची काळजी करा. इंजिनचा घात तिथून होतो.

सड्यावरचा

विषय निघालाच आहे म्हणून, डीपीएफबद्दल कोणी न लिहिलेलं.

डीपीएफ काजळी साठवतो आणि मग ती जाळतो. त्या वेळी आतलं तापमान सहाशे अंशांच्या घरात जातं. हे केव्हा सुरू होईल ते गाडी ठरवते. आपल्याकडे कार्तिकात डोंगरावरचं गवत वाळतं, कमरेएवढं असतं. त्यात गाडी घालून उभी करायची आणि वर चहा करत बसायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गवताच्या काड्या पाइप आणि चासीच्या फटीत अडकतात, तिथेच भाजून काळ्या पडतात. पेटायला वेळ लागत नाही. ऑस्ट्रेलियात अशा गाड्या जळालेल्या आहेत, मेलबर्नकर सांगतील. उभी करायची तर उघड्या मातीवर किंवा कातळावर. आणि वाटेत थांबून पोटाखाली हात न लावता डोकावा, काडी दिसली तर काठीने काढा.

कातळ म्हटलं तरी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, गाडी घालू नका. कातळावरचा मातीचा थर बोटभर असतो. त्यात टायर फिरला की पुढची कित्येक वर्षं त्या चाकोरीत तेरडाही उगवत नाही. कास २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, तिथे निदान कुंपणाची आणि पहारेकऱ्यांची चर्चा तरी होते. बाकीचे सडे वाऱ्यावर.

धूरकेतू

म्हणजे ऑफरोडिंगच करू नका म्हणा की.

सड्यावरचा

वहिवाटीच्या बैलगाडीच्या रस्त्यांनी करा ना. चिखल, दगड, चढ, सगळं आहे. नाहीतर स्पर्धांना जा. गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, आखलेल्या जागेत. हौस तिथे भागते.

मेलबर्नकर

सड्यावरच्याला दुजोरा. इकडे स्पिनिफेक्स नावाचं राळेचं गवत असतं, त्यात तर थांबून पोट साफ करत जावं लागतं. लोक पाण्याचा फवारा हाताशी ठेवतात.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांसाठी: डीपीएफचं जाळणं अर्धवट राहत गेलं की तो तुंबतो, आणि जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल काही प्रमाणात इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी *वाढलेली* दिसली तर खूश होऊ नका. आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास एका लयीत चालवली की बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

रानवाट

आळेफाट्याच्या वजनकाट्यावर जाऊन आलो. काटेवाल्याला वाटलं माल आहे, पावती देताना विचारतो, "आत काय, कांदा?"

मी, भरलेली टाकी, कॅनोपी: पुढची चाकं ११२०, मागची ८९० किलो. भटकंतीचं सगळं सामान चढवून आणि आई-बाबा बसवून: पुढे ११६०, मागे ११३०.

मागे जवळजवळ अडीचशेचा फरक. तेही कायम नाही, महिन्यातून एखादी खेप. घाटमाथा, पाटे बदलू का?

घाटमाथा

नका बदलू. एवढ्यासाठी कडक पाटे घेतलेत तर उरलेले दिवस आई पुन्हा मूठ धरून बसतील. मागे मूळचेच पाटे, टोकांना नायलॉनचे पॅड नसतील तर घालून घ्या, चारी शॉक बदला. पुढे मध्यम कॉइल, विंच नाही तोवर. तुमच्या बजेटात बसवून झाल्यावर स्किड प्लेट आणि हवेचा कॉम्प्रेसरही येईल. कॉम्प्रेसर जवळ असला की मोकळ्या मातीत टायर अठरा-वीस पीएसआयवर उतरवता येतात, त्याने जो फरक पडतो तो कुठल्याच किटने पडत नाही. पण डांबरावर यायच्या आधी पुन्हा भरा.

धूरकेतू

आणि आवाजाचं काय?

वंगण

काच खाली करून कातळकड्याच्या कडेने चालवा. टर्बो ऐकू येतो, फुकट.

कोकणकन्या

घाटमाथा, नायलॉन पॅडचं जरा सविस्तर सांगाल का? पाटे पूर्ण उतरवावे लागतात की टोक उचकटून सरकवता येतात? आमचे खाऱ्या हवेने इतके करकरतात की गाडी फाट्यावर आली की कुत्री आधी ओळखतात.

घाटमाथा

ताई, चासी जॅकवर घेऊन अॅक्सल लोंबकळू दिला की पाट्यांचा ताण जातो, मग क्लिप सैल करून पहारीने टोक उचकटता येतं. चासीखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका. आधी तारेच्या ब्रशने गंज काढा, मग पॅड. ग्रीस लावू नका, त्यावर माती बसते. पॅड बसत नसेल तर पाट्याचं टोक झिजून खाच पडली आहे का बघा. तसं असेल तर तो एक पाटा बदलायलाच हवा. चिपळूणला पाटेवाले आहेत, जुना नेऊन दाखवा, तसाच बनवून देतात.